मृगाआधीची कागदांची बेगमी: मुलांच्या वह्या, चित्रं आणि दाखले कसे जपायचे

आपल्याकडे कागदाचा खरा वैरी पाऊस आहे. बुरशीला वाढायला हवेत साधारण ६५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता पुरते, आणि कोकण-मुंबईत जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस ८०च्या पुढे असते. त्यामुळे मुलांचे कागद लावायचं काम सवडीने, कधीतरी, असं करून चालत नाही. निकाल लागला, प्रगतीपुस्तक हातात आलं की मे महिन्यात ते उरकायचं आणि मृग लागण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, खोकी बंद करायची. पापड-कुरडया आणि मसाल्याची आगोट जशी ठरलेली असते, तशीच ही. मे महिन्यात कागद कोरडा असतो आणि खोक्यात तो जसा जाईल तसाच चार महिने राहतो. दमट कागद जुलैत हवाबंद डब्यात कोंबला तर ओल आतच कोंडते आणि गणपतीपर्यंत काळे ठिपके दिसू लागतात.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. सगळं ठेवणारे शेवटी काहीच जपत नाहीत. माळ्यावर बारा वर्षांच्या वह्यांचा ढिगारा असतो, त्यातल्या खालच्या थराला कसर लागते आणि एके दिवशी सगळंच रद्दीत जातं. एका मुलाचं एक वर्ष एका फाइलीत मावलं पाहिजे, हे माप धरून चाला. बालवाडी आणि पहिली या वर्षांना हवं तर दोन फाइली द्या. पाचवीनंतर निम्मी फाइल पुरते.

आधी तीन ढीग

वर्षभर कागद साठवायला दाराजवळ किंवा अभ्यासाच्या टेबलाखाली एकच उथळ ट्रे ठेवा. खोल खोकं नको; खोलात खालचं चित्र चुरगळतं आणि कोणी पुन्हा पाहत नाही. ट्रे भरला की वरवर चाळायचं, पक्का निवाडा मे महिन्यात.

निवाड्याच्या दिवशी जमिनीवर चादर अंथरा आणि तीन ढीग करा: मूळ ठेवायचं, फोटो काढून सोडायचं, सरळ सोडायचं. एका बैठकीला दीड तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात सगळंच ‘ठेवायचं’ होतं. मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला सोबत बसवा. मात्र ‘हे टाकू का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ हेच येणार. ‘यातली तुझी सगळ्यात आवडती पाच कोणती?’ असं विचारलं की मूल झटपट निवडतं, आणि त्याची निवड आपल्यापेक्षा बहुतेक वेळा चांगली असते.

मूळ ठेवायचं ते असं: वर्षाची आठ-दहा चित्रं, जी मुलाने मनाने काढली आहेत. पहिल्यांदा लिहिलेलं स्वतःचं नाव. अक्षरं उलटी काढण्याच्या काळातलं एक पान. वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं हस्ताक्षर, शक्यतो एकाच प्रकारच्या मजकुराचं. एक-दोन निबंध. आजी-आजोबांना, बाईंना लिहिलेली पत्रं. आपण चित्रं जपतो आणि लिहिलेलं रद्दीत घालतो, हे उलटं आहे. छापील आकृतीत रंगवलेलं फुलपाखरू वर्गातल्या चाळीस मुलांचं सारखंच असतं. ‘माझी आई’वरच्या सहा ओळी मात्र त्याच मुलाच्या असतात, त्यातही बाईंनी शिकवलेल्या चार ओळी सोडून उरलेल्या दोन.

सरळ सोडायचं ते: रेघोट्या गिरवलेली पानं, पाढ्यांच्या वह्या, छापील स्वाध्यायपुस्तिका, आणि दुकानातून आणलेल्या चित्रांच्या पट्ट्या कापून चिकटवलेले प्रकल्प. हे शेवटचे बहुतेक आईनेच रात्री अकराला पुरे केलेले असतात. ते सोडताना वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

वही अख्खी ठेवू नका. शिवलेल्या वहीच्या मधल्या टाचण्या वाकवून काढा, हवी ती जोडपानं सोडवा आणि बाकीची जाऊ द्या. बालभारतीच्या २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांच्या काही पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं बांधलेली होती. मुलाचं लिखाण त्यात असू शकतं, म्हणून ती पुस्तकं देऊन टाकण्याआधी एकदा उलगडून बघा.

रद्दीवाल्याला देण्याआधी वह्यांची पहिली पानं आणि वेष्टनावरची नाव-पत्त्याची चिठ्ठी फाडून घ्या. वहीचं पान पुढे भेळेच्या पुड्यात जातं, आणि त्यावर मुलाचं नाव, शाळा, तुकडी, आईचा फोन नंबर असं सगळं असतं.

मागच्या बाजूला नोंद

ठेवायच्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी नोंद करा. पुढच्या वर्षी ते चित्र सिनिअर केजीचं की पहिलीचं हे कोणालाच आठवत नाही, दोन मुलं असतील तर कोणाचं हेही नाही. मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, साध्या एचबी पेन्सिलीने, हलक्या हाताने: नाव, इयत्ता, महिना-वर्ष. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जेलपेनची शाई ओल लागली की पसरते. कागद काचेवर किंवा फरशीवर ठेवून लिहा, गादीवर नको.

मूल चित्राबद्दल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत एका ओळीत टिपून ठेवा. ‘हा बाबा आहे आणि हे त्याचं ऑफिस, त्याला दार नाही’ ही ओळ नसेल तर दहा वर्षांनी हातात फक्त एक निळा चौकोन उरतो.

कशाने काढलंय ते पाहून ठेवायचं

सगळी चित्रं एकाच पद्धतीने ठेवली की निम्मी खराब होतात.

पेन्सिल आणि पाण्याचे रंग सर्वांत सोपे. सपाट ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, एवढं पुरे.

स्केचपेनची शाई उजेडात उडते. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेलं स्केचपेनचं चित्र वर्ष-दोन वर्षांत फिकट पडतं, त्यात गुलाबी आणि जांभळा आधी जातात. भिंतीवर लावायचंच असेल तर रंगीत झेरॉक्स लावा आणि मूळ फाइलीत ठेवा. भडक रंगाचा कार्डशीट आणि क्रेप कागद यांचंही तसंच. क्रेपचा रंग तर दमट हवेत शेजारच्या कागदावर उतरतो.

तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, हा सगळ्यात त्रासदायक. तो कधीच पूर्ण वाळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट घातला की उन्हाळ्यात पिशवीला चिकटतो आणि ओढून काढताना रंग निघून येतो. त्यावर चित्रकलेच्या दुकानात मिळणारा बटर पेपर चित्राच्या मापाचा कापून ठेवा, मग फाइलीत सरकवा. अशी चित्रं एकावर एक पाच-सहापेक्षा जास्त रचू नका. वर केसांचा स्प्रे मारण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मारू नका, काही वर्षांनी पिवळा पडतो आणि चिकट होतो. मेणखडू त्या मानाने बरा, फक्त उष्णतेपासून जपा. फ्रिजच्या मागची भिंत किंवा पत्र्याखालचा माळा त्याला चालत नाही.

पोस्टर कलर जाड लावला असेल तर घडी घालू नका आणि घट्ट गुंडाळू नका, तडे जाऊन पापुद्रे पडतात. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या, मग सपाट ठेवा.

आणि कडधान्यांचे कोलाज. मूग, मसूर, तांदूळ, रवा, शेवया चिकटवलेलं काहीही कागदांच्या खोक्यात ठेवायचं नाही. दोन महिन्यांत टोके होतात, मग झुरळं येतात, आणि ती शेजारच्या कागदांनाही सोडत नाहीत, कारण खळ त्यांना आवडते. याचा फोटो काढायचा आणि निरोप द्यायचा. वाळलेली पानं-फुलं चिकटवलेली असतील तर ती कुरकुरीत वाळली आहेत याची खात्री करून वेगळ्या पाकिटात ठेवा.

ठेवण्याआधी प्रत्येक कागदावरून लोखंडी टाचण्या, यू-पिना आणि रबरबँड काढा. पीन एका पावसाळ्यात गंजते आणि तिचा तांबडा डाग जात नाही. रबर वितळून कागदाला चिकटतं. सेलोटेप फाटलेल्या चित्रावर लावू नका, काही वर्षांत टेप गळते आणि चिकट तपकिरी पट्टा मागे राहतो. फाटलेलं जोडायचं तर मागून पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या किंवा मैद्याच्या अगदी पातळ खळीने लावा, खळीत चिमूटभर तुरटी घाला, आणि पूर्ण वाळू द्या.

फाइल, खोकं, नळी

ए४ मापाच्या कागदांना वीस किंवा चाळीस खिशांची डिस्प्ले फाइल चांगली. घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत असेल तर ती पीव्हीसी आहे. तिच्यावर झेरॉक्सची आणि छपाईची शाई चिकटते. मागे त्रिकोणात ५ आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीन, ती घ्या. खिशात एकच चित्र, फार तर पाठीला पाठ लावून दोन. खिशात कागद कोंबले की कडा वळतात.

चित्रकलेच्या वहीतली मोठी पानं ए३ फाइलीत ठेवा. ती मिळाली नाही तर स्वस्त उपाय असा: पुठ्ठ्याचे दोन सपाट तुकडे चित्रापेक्षा दोन-दोन सेंटिमीटर मोठे कापा, आत दोन्ही बाजूंना पांढरा कोरा कागद लावा, मध्ये चित्रं ठेवा आणि चारही बाजूंनी सुती नाडी बांधा. वर्तमानपत्राचा कागद आत घालू नका. तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्याला पाडतो.

कार्डशीट २२ बाय २८ इंचांचा असतो, तो कुठल्याच फाइलीत मावत नाही. त्याला गुंडाळावंच लागतं. फ्लेक्स छापणाऱ्याकडे व्हिनाइलच्या रोलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात, साधारण तीन इंच व्यासाच्या. तशी एक आणा, तिच्यावर कोरा कागद लपेटा आणि कार्डशीट नळीच्या बाहेरून गुंडाळा, चित्राची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली की रंग दाबला जातो आणि उलगडताना तडकतो. वरून जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून दोन ठिकाणी सैल नाडी बांधा.

साडीचा तुकडा हा फक्त जुगाड नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले आहेत, पोथ्याही कापडातच बांधत. सुती कापड धूळ आणि उजेड अडवतं, पण आतली ओल बाहेर जाऊ देतं. प्लॅस्टिकला हे जमत नाही.

फाइली कशात ठेवायच्या? झाकण घट्ट बसणारा ३० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा चालतो, पण दोन अटींवर. बंद करण्याआधी कागद एक दिवस पंख्याखाली, सावलीत, सुटे पसरून कोरडे करा. ऊन दाखवू नका: रंग उडतो आणि कागद वळतो. आणि आत साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलं झाल्याचं कळतं. निळ्याऐवजी केशरी घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून, गार करून पुन्हा वापरा. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी घेऊ नका.

डब्यापेक्षा लोखंडी कपाटाचा मधला कप्पा चांगला. किराणा दुकानातलं खोकं मात्र अजिबात नको, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. जागा निवडताना न्हाणीघराच्या वरचा माळा, पश्चिमेची ओली भिंत आणि सरळ जमीन टाळा. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून येते, म्हणून खोकं जमिनीपासून सहा इंच उंच आणि भिंतीपासून दोन-तीन इंच सुटं हवं. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर आधी कागद हलवा, मग वाळवीवाल्याला बोलवा.

वेखंडाची पूड मलमलच्या पुरचुंडीत घालून ठेवायची पोथ्यांची जुनी पद्धत कसरीसाठी आजही वापरता येते. पूड कागदाला थेट लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तरच. डांबरगोळ्या इथे नकोत. त्यांची वाफ थर्माकोलला मऊ करते, वास कागदातून जात नाही, आणि मुलं हाताळणार असलेल्या वस्तूंत त्या ठेवणं बरंही नव्हे.

फोटो आणि स्कॅन

कागदपत्रं स्कॅन करणारं अ‍ॅप दाखल्यांसाठी ठीक आहे. चित्रासाठी ते वापरू नका: पार्श्वभूमी पांढरी करण्याच्या नादात ते फिकट पिवळा आणि आकाशी रंग खाऊन टाकतं. चित्राला साधा कॅमेरा वापरा.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ चित्र जमिनीवर ठेवा. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद. फोन चित्राला समांतर धरा आणि जवळ जाण्याऐवजी थोडं उंचावरून दुप्पट झूम करा, म्हणजे कडा फुगत नाहीत. तेलखडू चमकत असेल तर चित्र फिरवून उजेड बाजूने येऊ द्या. पुढचा फोटो झाला की लगेच मागच्या नोंदीचाही काढा.

स्कॅनर असेल तर ए४ला ३०० डीपीआय पुरे. ते साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल होतात, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोनही तेवढंच देतो. पोस्टकार्डापेक्षा लहान चित्राला ६०० ठेवा. चमकी आणि तेलखडू स्कॅनरच्या काचेवर ठेवू नका.

शाडूची मूर्ती, आकाशकंदील, थर्माकोलचं घर यांचे तीन बाजूंनी फोटो काढा, शेजारी पेन्सिल ठेवून, म्हणजे आकार कळतो. शाडूचा गणपती बादलीत विसर्जित करून टाका, तो कपाटात भुगाच होतो. दिवाळीच्या किल्ल्याचा फोटो मुलाच्या उंचीवर बसून काढा आणि कुठला मावळा कुठे उभा आहे हे त्यालाच सांगायला लावून व्हिडिओ करा.

फाइलचं नाव वर्ष-महिन्याने सुरू करा: ‘२०२५-०८_ईरा_दुसरी_पाऊस’. महिन्याआधीचं शून्य विसरलात तर ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येतो. वर्षाला १०० फोटो, एक साधारण ४ एमबीचा, म्हणजे बारा वर्षांत पाच जीबीच्या आत काम होतं. एक प्रत ऑनलाइन, एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. आजीकडे पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप वापरत असाल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी तो आकसून जातो. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं भरवसा ठेवू नका.

दाखल्यांची फाइल वेगळी

चित्रांच्या आणि दाखल्यांच्या फाइली एकत्र करू नका. एक रमत-गमत उघडायची असते, दुसरी प्रवेशाच्या आदल्या रात्री घाईत.

यात जन्मदाखला, प्रगतीपुस्तकं, शिष्यवृत्ती आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांची प्रमाणपत्रं, फीच्या पावत्या. इंटरमीजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला शाळेमार्फत मागावे लागतात, तेव्हा ते प्रमाणपत्र हाताशी हवं. फीची पावती गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. तिच्यावरची छपाई हळूहळू उडून जाते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजूंचा स्कॅन आणि दोन साक्षांकित प्रती करून घ्या. नाव, जन्मतारीख आणि जात यांचं स्पेलिंग तिथेच, शाळेच्या कार्यालयात उभं राहून तपासा. चूक शाळा सोडल्यावर दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.

आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले घरात सापडले तर तेही याच फाइलीत, पहिल्या खिशात. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. त्या पिवळ्या कागदाचं मोल कळायच्या आत तो अनेक घरांत कसरीने संपवलेला असतो.

मूळ प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने ते कागदाला कायमचं चिकटतं, मागे शिक्का मारता येत नाही आणि ओल आत शिरली तर सुटका नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवरही मिळतात, त्या मुलाच्या खात्यात उतरवून ठेवा. नदीकाठच्या किंवा पूर येणाऱ्या गावात ही फाइल झिपच्या जाड पिशवीत घालून दाराजवळच्या उंच कप्प्यात ठेवा, तळमजल्याच्या पलंगाखाली नाही. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात पाणी काही तासांत घरात शिरलं होतं.

पावसाळ्यात आणि दिवाळीत

ऑगस्टमध्ये एकदा उघडीप पाहून झाकण उघडा आणि वास घ्या. कुबट वास आला तर कागद बाहेर काढून पंख्याखाली पसरा आणि सिलिका जेल तापवा. पांढरी किंवा काळी बुरशी दिसली तर तो कागद आधी वेगळा करा, दोन दिवस वाळवा, मग तोंडाला मास्क लावून गच्चीत मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी धाग्यांत शिरते. दिवाळीच्या सुट्टीत सगळं एकदा चाळा.

कसर दिसली, म्हणजे चकचकीत रुपेरी किडा किंवा कागदाच्या वरच्या थरावर कुरतडल्याच्या खुणा, तर कागद झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर दंव धरतं. जाड पोस्टर कलरची चित्रं यातून वगळा.

पाण्याने भिजलंच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सुटी पानं टॉवेलवर पसरून पंखा लावा. स्केचपेन आणि पाण्याच्या रंगांवर टिपकागद दाबू नका, चित्र त्यावरच उतरेल. गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी असतील तर आहे तसा पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ढकला. गोठलेला कागद कुजत नाही. पुढच्या रविवारी दहा-दहा पानं बाहेर काढून वाळवता येतात.